सात वर्षांच्या मुलाची ओटी तपासणी आणि एनडीआयएसचा अर्ज

मेलबर्नहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. पीडिएट्रिशियनने (बालरोगतज्ज्ञाने) ऑटिझम, लेव्हल १ (तीन पातळ्यांपैकी सर्वांत कमी मदत लागणारी) असे निदान केले आहे. कुटुंबाला नुकतीच पीआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) मिळाल्यामुळे आता एनडीआयएसचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा, अर्ज करता येईल, आणि त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (ओटी, रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) ‘फंक्शनल कपॅसिटी असेसमेंट’, म्हणजे दैनंदिन कार्यक्षमतेची तपासणी, करून घ्यावी असे त्यांना सुचवण्यात आले आहे. ही खर्चीक तपासणी खरोखर हवी का, तिच्यात नेमके काय पाहतात, मुलाची आधी तयारी करून घ्यावी का, आणि शाळेने ‘सगळे छान चालले आहे’ असे लिहून दिलेले असताना अर्ज टिकेल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी ऑस्ट्रेलियात लहान मुलांसोबत ओटी म्हणून काम करते आणि असे अहवाल नियमित लिहिते, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देते.

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की ही तपासणी कायद्याने सक्तीची नाही, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत ती बहुधा निर्णायक ठरेल. एनडीआयएसचा २०१३चा कायदा निदानाच्या नावावर मदत देत नाही. कलम २४ प्रमाणे पाच गोष्टी दाखवाव्या लागतात: अपंगत्व एखाद्या शारीरिक, बौद्धिक किंवा तत्सम क्षतीमुळे (शरीराच्या किंवा मनाच्या कार्यातील उणिवेमुळे) आहे, ती क्षती कायमची आहे, तिच्यामुळे दैनंदिन कार्यक्षमता लक्षणीय घटली आहे, समाजात वावरण्यावर तिचा परिणाम होतो, आणि मदत आयुष्यभर लागण्याची शक्यता आहे. ऑटिझम लेव्हल २ किंवा ३ असे निदान योग्य तज्ज्ञाने दिले असेल तर एनडीआयएच्या (ही योजना चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) कार्यपद्धतीत ते बहुतेक पुरेसे मानले जात आले आहे. लेव्हल १ ला ती सवलत नाही. तेथे ‘कार्यक्षमता लक्षणीय घटली आहे’ हा एक मुद्दा वेगळ्या पुराव्याने सिद्ध करावा लागतो आणि बहुतेक नकार याच मुद्द्यावर येतात. पीडिएट्रिशियनच्या पत्रात या मुद्द्यावर दोन ओळींपेक्षा जास्त क्वचितच असते, कारण मूल घरी मोजे कसे घालते हे पाहणे त्यांच्या कामाचा भाग नाही.

मुलाचे वय येथे महत्त्वाचे आहे. सहा वर्षांखालील मुलाला निदानाशिवाय, केवळ विकासातील विलंबाच्या आधारावर, योजनेत प्रवेश मिळू शकतो. तुमच्या मुलासाठी तो मार्ग वयामुळे बंद झाला आहे. मात्र २०२३च्या जुलैपासून नऊ वर्षांखालील मुलांचे अर्ज अर्ली चाइल्डहुड पार्टनर या स्थानिक संस्थांमार्फत हाताळले जातात, आणि कलम २५ मधील लवकर हस्तक्षेपाचा मार्ग त्याच्यासाठी अजूनही खुला आहे. त्या मार्गात असे दाखवायचे असते की आता मदत मिळाली तर पुढे लागणारी मदत कमी होईल. म्हणून ओटीला सुरुवातीलाच सांगा की अहवालात कलम २४ आणि कलम २५ या दोन्हींच्या अंगाने लिहावे. बरेच अहवाल फक्त पहिल्या कलमाचा विचार करून लिहिलेले असतात आणि हाती असलेला दुसरा मार्ग न वापरताच राहतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कार्यक्षमता सहा क्षेत्रांत पाहिली जाते: संवाद, सामाजिक व्यवहार, शिकणे, हालचाल, स्वतःची निगा आणि स्वतःचे व्यवहार स्वतः सांभाळणे. यांपैकी एका क्षेत्रात लक्षणीय घट दाखवता आली तरी चालते. ‘लक्षणीय’ म्हणजे काय, हे २०१६च्या नियमांत सांगितले आहे: त्या क्षेत्रातील कामे करण्यासाठी व्यक्तीला एरवी दुसऱ्या माणसाची मदत लागत असेल, तर घट लक्षणीय धरता येते. या मदतीत हाताने केलेली मदत तर येतेच, पण मार्गदर्शन, देखरेख आणि वेळोवेळी आठवण करून देणे हेही येते. पालकांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी असे मला फार वाटते. मूल काम ‘करते’ की ‘करत नाही’ एवढ्यावर हा अहवाल उभा राहत नाही. ते काम पार पडावे म्हणून मोठ्या माणसाला काय काय करावे लागते, यावर उभा राहतो. ‘तो स्वतः कपडे घालतो’ हे वाक्य खरे असू शकते. पण आईने दाराशी उभे राहून प्रत्येक कपड्याच्या वेळी नाव घेऊन सांगितल्याशिवाय तो पुढच्या कपड्याकडे वळत नसेल, तर या नियमाच्या दृष्टीने त्याला मदत लागते आहे. आपल्या घरांतून ही मदत इतकी सवयीची झालेली असते की विचारल्यावरही ती पालकांच्या तोंडून निघत नाही.

तपासणीचे स्वरूप साधारण असे असते. आधी पालकांशी सविस्तर मुलाखत होते, मग मुलाला शक्यतो घरी आणि शाळेत पाहिले जाते, प्रमाणित चाचण्या घेतल्या जातात आणि शेवटी अहवाल लिहिला जातो. मुलाखतीसाठी बहुधा व्हाइनलँड-३ हे साधन वापरतात. त्यात समवयस्क मुलांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलेले असते, म्हणजे गुण ७० किंवा त्याहून कमी आले तर शंभरांतील दोन-तीन मुलेच त्या पातळीला किंवा तिच्याखाली असतात. पेडी-कॅट हे दुसरे साधन संगणकावर घेतले जाते आणि रोजची कामे, हालचाल, सामाजिक व बौद्धिक व्यवहार आणि जबाबदारी या चार भागांचे गुण देते. तिथे सरासरी ५० असते आणि ३० च्या खालचे गुण वयाच्या अपेक्षित पट्ट्याबाहेरचे मानतात. हातांचे आणि शरीराचे समन्वय पाहण्यासाठी बीओटी-२ किंवा मूव्हमेंट एबीसी-२, आणि पाहून काढणे-लिहिणे तपासण्यासाठी बीरी व्हीएमआय वापरतात. कायद्यात कोणत्याही चाचणीचा ठरावीक गुण पात्रतेसाठी दिलेला नाही. त्यामुळे एका आकड्याने अर्ज मंजूर होत नाही आणि एका आकड्याने तो बादही होऊ नये.

येथे सेन्सरी प्रोफाइलबद्दल स्पष्ट बोलायला हवे. आवाज, स्पर्श, गंध, हालचाल यांना मूल कसा प्रतिसाद देते याचे चित्र त्यातून मिळते आणि उपचार ठरवताना ते उपयोगी पडते. पण ती कार्यक्षमतेची चाचणी नाही. सेन्सरी प्रोफाइलच्या तक्त्यांनी अनेक पाने भरलेले आणि रोजच्या कामांबद्दल अर्धे पान लिहिलेले अहवाल माझ्या वाचनात वारंवार येतात, आणि ते अर्जाला बळ देत नाहीत. हॅण्ड ड्रायरच्या आवाजाची भीती ही क्षती झाली. त्या भीतीमुळे तो शाळेच्या शौचालयात जात नाही, दिवसभर लघवी रोखून धरतो आणि घरी येताना कपडे ओले होतात, हा तिचा कार्यक्षमतेवरचा परिणाम झाला. अहवालात हे दोन्ही आणि त्यांतील दुवा लिहिलेला असला पाहिजे.

मुलाची तयारी करून घेऊ नका. चाचणीत मूल वाईट दिसावे म्हणून काही शिकवणे तर नकोच, पण चांगले दिसावे म्हणून आदल्या आठवड्यात बटणे लावण्याचा सराव करून घेणेही नको. ओटी आप्रा (Ahpra) या आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय नियामक संस्थेकडे नोंदणीकृत असतो आणि आपल्या सहीखाली खरेच लिहिण्याचे बंधन त्याच्यावर असते. आई-वडिलांच्या उत्तरांत आणि प्रत्यक्ष निरीक्षणात फार अंतर पडले तर ते अंतर अहवालात नोंदवावे लागते. तयारी करायची असेल तर ती पालकांनी स्वतःची करावी. साधारण दोन आठवडे रोज थोडक्यात लिहून ठेवा: कोणते काम, किती वेळ लागला, किती वेळा सांगावे लागले, हात कुठे लावावा लागला, मदत न मिळाल्यास काय झाले. चांगला दिवस गेला तर तोही लिहा. एरवी आठवडा कसा जातो हे कळले पाहिजे, कारण नियमातला शब्द ‘एरवी’च्या अर्थाचाच आहे.

मराठी घरांच्या बाबतीत एक अडचण विशेष जाणवते आणि तिच्यावर मी थोडी जास्त थांबते. आपल्याकडे सात वर्षांच्या मुलाला आजीने भरवणे, आईने अंघोळ घालणे, बाबांनी बुटांच्या लेस बांधणे यात कुणाला वावगे वाटत नाही. निरोगी मुलांनाही आपण भरवतो. त्यामुळे ‘तो स्वतः जेवतो का’ या प्रश्नाला ‘नाही, आम्ही भरवतो’ असे उत्तर आले की ओटीपुढे पेच उभा राहतो: मुलाला जमत नाही म्हणून भरवतात, की पद्धत आहे म्हणून? चाचणीचा गुण दोन्हींत सारखाच कमी येतो, पण पहिले अपंगत्व आहे आणि दुसरे नाही. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही हीच शंका येऊ शकते, आणि मग ‘मुलाला संधी दिलेली दिसत नाही’ या कारणाखाली खरी अडचणही दुर्लक्षित होते. यावर उपाय असा की तपासणीच्या आधी दोन-तीन कामांत मदत जाणीवपूर्वक मागे घेऊन पाहावी. पोळीचा तुकडा स्वतः तोडायला द्या, वरण-भात स्वतः कालवायला द्या, आणि काय होते ते शांतपणे पाहा. जे मूल आठवडाभरात शिकते त्याला फक्त संधी हवी होती. जे मूल ओला भात बोटांना लागताच हात झटकते, ताट सोडून उठते, किंवा एका हाताने पोळी धरून दुसऱ्याने तोडणे रोज दाखवूनही त्याला साधत नाही, त्याची अडचण वेगळी आहे आणि ती तुम्ही तारखांसह सांगू शकाल.

याच अनुषंगाने आपले खाणे आणि आपल्या सवयी ओटीला मोकळेपणाने समजावून सांगाव्यात. चाचणीतील काही प्रश्न काट्या-चमच्याने जेवणे आणि सुरीने पावाला लोणी लावणे गृहीत धरतात. घरात सुरी-काटा वापरतच नसाल तर ‘जमत नाही’ असे न म्हणता ‘आमच्याकडे ही पद्धत नाही, तो हाताने जेवतो आणि त्यात अशी अशी अडचण येते’ असे सांगा. एका हाताने पोळी तोडून भाजी उचलणे हे बारीक हालचालींचे बरेच अवघड काम आहे आणि जाणकार ओटीला त्यातून पुष्कळ कळते.

भाषेबद्दलही दोन शब्द. मूल मराठी आणि इंग्रजी दोन्ही ऐकत मोठे होत असेल तर ते सांगा. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि मुलाशी मराठी बोलणे थांबवण्याचे काही कारण नाही. घरी सूचना मराठीत समजतात आणि शाळेत इंग्रजीत समजत नाहीत, की दोन्हीकडे सारखीच अडचण येते, ही माहिती मोलाची असते. तुमची मुलाखत तुम्हाला ज्या भाषेत बारकाव्याने बोलता येते त्या भाषेत व्हावी. एनडीआयएशी बोलताना टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषी सेवेच्या १३१ ४५० या क्रमांकावरून दुभाषी विनामूल्य मिळतो. मुलाच्या मोठ्या बहिणीला दुभाषी म्हणून बसवू नका. भावाच्या शौचाविषयी आणि रडण्याविषयी तिने बोलावे अशी अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय आहे. आजी सोबत राहत असतील तर त्यांचेही म्हणणे ओटीने ऐकावे असा आग्रह धरा, कारण शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंतचा काळ फक्त त्यांनीच पाहिलेला असतो. आई एक सांगते आणि बाबा ‘तेवढे काही नाही’ म्हणतात, असे बऱ्याच घरांत होते. दोघेही खरे बोलत असतात. दोघांनी दिवसाचे वेगवेगळे तास पाहिलेले असतात, आणि अहवालात कोणी काय पाहिले ते वेगळे नोंदवता येते.

शाळेच्या पत्राची काळजी समजण्यासारखी आहे, पण त्याने अर्ज बुडत नाही. शाळेचे ‘छान चालले आहे’ बहुधा अभ्यासापुरते असते. शिक्षिका त्याचा डबा उघडून देते, रांगेत सर्वांत पुढे उभा करते, गोंगाट वाढला की कोपऱ्यात बसू देते. हे सगळे ती इतक्या सहज करते की तिलाही ते मदत वाटत नाही. शाळेत आवर घालून बसलेले मूल घरी पोचताच कोसळते, तासभर रडते किंवा कुणाशीच बोलत नाही, हेही ऑटिझम असलेल्या मुलांत सर्रास दिसते. म्हणून ओटीने शाळेत जाऊन पाहणे, निदान शिक्षिकेशी थेट बोलणे, मी फार महत्त्वाचे मानते. शिक्षिकेला ‘तो कसा आहे’ असे विचारू नये. ‘त्याच्यासाठी तुम्ही काय वेगळे करता’ असे विचारावे. तेवढ्या एका प्रश्नाने शाळेचे उत्तर पालटलेले मी पाहिले आहे. निरीक्षणाची वेळही विचारपूर्वक ठरवावी. सकाळी दहा वाजता, शांत खोलीत, एकट्या मोठ्या माणसासोबत तुमचा मुलगा कदाचित अतिशय उत्तम वागेल. घरची भेट शाळा सुटल्यानंतरची मागा.

अहवालाचा मसुदा हाती आला की तो बारकाईने वाचा. ‘कपडे घालण्यात अडचण येते’ या वाक्याने अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. ‘गणवेश घालताना प्रत्येक कपड्यासाठी तोंडी आठवण करावी लागते, बटणे आई लावते, आई खोलीतून गेली की तो अर्ध्या कपड्यांत थांबतो, हे शाळेच्या बहुतेक दिवशी घडते आणि या वयाची मुले एरवी हे काम एखाद्या आठवणीने पार पाडतात’, असे लिहिले की मदतीचा प्रकार, तिचे प्रमाण आणि वयाशी तुलना या तिन्ही गोष्टी समोर येतात. जे ओटीने स्वतः पाहिले ते आणि जे पालकांनी सांगितले ते वेगळे ओळखू यावे. अडचण ऑटिझममुळे आहे आणि शिस्त, संधीचा अभाव किंवा नव्या देशात येण्याचा ताण ही तिची मुख्य कारणे नाहीत, असे ओटीला वाटत असेल तर त्यामागची कारणेही लिहिलेली असावीत. क्षती कायमची आहे की नाही, हे मात्र पीडिएट्रिशियनने त्याच्या पत्रात लिहावे. ओटीच्या सहीवर ते टिकत नाही.

शिफारशींचा भाग वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. प्रवेश मिळाल्यावर प्रत्येक मदत कलम ३४ च्या कसोटीला उतरावी लागते: ती मुलाच्या उद्दिष्टांना धरून आहे का, पैशाच्या मानाने योग्य आहे का, परिणामकारक आहे का, आणि पालकांनी एरवी करावयाच्या गोष्टींपलीकडची आहे का. ऑक्टोबर २०२४ मधील दुरुस्तीनंतर ती मदत एनडीआयएसच्या मान्य यादीत बसणेही आवश्यक झाले आहे. त्यामुळे ‘नियमित ओटी चालू ठेवावी’ असे न लिहिता किती तास, कशासाठी आणि प्रगती कशावरून मोजणार हे लिहायला सांगा. वर्गातील मदतनीस किंवा वर्गातले बदल या अहवालातून मागू नका. ती जबाबदारी २००५च्या शिक्षणविषयक अपंगत्व मानकांप्रमाणे शाळेची आहे आणि ती शाळेकडेच मागावी.

खर्चाविषयी थोडक्यात. योजनेतील सहभागींसाठी ओटीचा कमाल दर २०२५-२६ पर्यंत कित्येक वर्षे ताशी १९३.९९ डॉलर राहिला आहे. अर्जापूर्वी तुम्ही खासगी ग्राहक असल्यामुळे ती मर्यादा तुमच्यासाठी बंधनकारक नाही, पण बरेच ओटी तोच दर लावतात. मुलाखत, घर व शाळेची भेट, गुणांकन आणि लेखन मिळून दहा तास धरले तर सुमारे १,९४० डॉलर होतात. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि शाळेची भेट त्यात धरली आहे का ते पाहा. मूल आधीच एखाद्या ओटीकडे किंवा स्पीच थेरपिस्टकडे जात असेल तर पूर्ण तपासणीऐवजी त्यांच्याकडून वरील मुद्दे धरून लिहिलेले नेटके पत्रही पुरू शकते. हे आधी विचारून घ्या. पीडिएट्रिशियनने मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात उपचार आराखडा केलेला असेल तर २५ वर्षांखालील ऑटिझम असलेल्या व्यक्तीला आयुष्यभरात मिळून २० थेरपी सत्रांपर्यंत सवलत मिळते. अहवाल लिहिण्याचे तास त्यात बसत नाहीत, पण निर्णयाची वाट पाहताना उपचार थांबवावे लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट. हा अहवाल वाचताना आईला वेदना होतात. तुमच्या मुलाला काय जमत नाही याची पाने समोर येतात आणि त्याचे हसणे, त्याची स्मरणशक्ती, ट्रेनच्या वेळापत्रकावरचे त्याचे प्रेम कुठेच दिसत नाही असे वाटते. निधीसाठीचा अहवाल मदतीच्या गरजेविषयी असतो, म्हणून तो असा असतो. तरीही मुलाच्या बलस्थानांचा परिच्छेद मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या ओटीला त्यावरूनच उपचार आखायचे असतात. अहवाल मुलासमोर मोठ्याने वाचू नका आणि नातेवाइकांच्या गटात पाठवू नका.

परिपूर्ण अर्ज पोचल्यावर एनडीआयएने २१ दिवसांत निर्णय देणे किंवा अधिक माहिती मागणे अपेक्षित आहे. नकार आला तर कारणे लेखी घ्या आणि तीन महिन्यांच्या आत अंतर्गत फेरविचार मागा. बहुतेक वेळा ओटीला त्या कारणांना धरून पुरवणी पत्र देता येते. तिथेही नकार आला तर ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या एएटी या न्यायाधिकरणाच्या जागी आलेल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे २८ दिवसांत जाता येते. अर्ज मात्र लांबवू नका. आठ वर्षे व त्याखालील, विकासातील विलंब किंवा ऑटिझम असलेल्या आणि मदतीची गरज सौम्य ते मध्यम असलेल्या मुलांसाठी ‘थ्रायव्हिंग किड्स’ ही वेगळी व्यवस्था उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये केली आहे, आणि लेव्हल १ चे निदान असलेला सात वर्षांचा मुलगा नेमका त्या कक्षेत येऊ शकतो. म्हणून ओटीची वेळ ठरवण्यापूर्वीच तुमच्या भागातील अर्ली चाइल्डहुड पार्टनरला फोन करा, आज कोणता मार्ग लागू आहे ते विचारा, आणि त्यांचे उत्तर ईमेलवर मागून घ्या, म्हणजे ओटीला अहवाल कोणत्या निकषांसाठी लिहायचा हे पहिल्या भेटीतच सांगता येईल.